आईच्या कसोटीवरचा डंख: मंगळवार पेठेतील चटणी कांडप

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील ज्या डंखाविषयी, म्हणजे यंत्राच्या मुसळांनी मिरची-मसाला कांडून देणाऱ्या दुकानाविषयी, हे लिहीत आहे, त्याची पाटी जेमतेम दोन हात लांबीची असून तिच्यावर 'चटणी कांडप' याखेरीज दुसरे काहीही लिहिलेले नाही. मिरजकर तिकटीकडून आत वळल्यावर ती पाटी दिसण्याआधी ठसका लागतो, आणि पत्ता विचारणाऱ्या नवख्या माणसाला गल्लीतले लोकही तीच खूण सांगतात. या डंखाबद्दल मत देण्याचा खरा अधिकार माझ्या आईचा होता. 1934 साली जन्मलेली आणि नव्वदी ओलांडून गेल्या हिवाळ्यात गेलेली आमची आई कोल्हापुरी चटणी करून विकत असे, त्याच कमाईवर तिने आम्हा तीन भावंडांना वाढवले, आणि डंख निवडताना तिने जेवढी चिकित्सा केली तेवढी आमची स्थळे पाहतानाही केली नसेल. यंदाच्या उन्हाळ्यात चटणी करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी तिच्याच कसोट्या घेऊन तिथे गेले. त्यामुळे या परीक्षणात डंखाइतकीच आईही येणार आहे, आणि त्याला माझा इलाज नाही.

आधी व्यवहाराचे सांगते. मार्च ते मे हा इथला गर्दीचा काळ. सकाळी आठच्या सुमारास दार उघडते, वहीत नाव लिहून नंबर लावावा लागतो आणि फोनवर नंबर लावून घेतला जात नाही. कांडपाचा दर मिरचीसह सगळ्या कच्च्या मालाच्या वजनावर लावतात. यंदा मला तो किलोमागे 60 रुपयांच्या आसपास पडला. पिठाच्या गिरणीत जी झटपट मिरचीपूड करून मिळते तिच्यापेक्षा हा दर जास्त आहे, वेळही बराच जास्त लागतो, आणि तरीही मी गिरणीत जाणार नाही. डंखात फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या लोखंडी मुसळे एकामागून एक वर उचलतात आणि सोडून देतात. मुसळ स्वतःच्या वजनाने उखळात पडते, मिरची ठेचली जाते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात तिला थोडी उसंत मिळते. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घर्षणामुळे पूड तापते, आणि मसाल्याचा वास ज्या तेलांत असतो ती उडून जाणारी तेले त्या उष्णतेबरोबर निघून जातात. शिवाय आपल्या चटणीत सुके खोबरे, तीळ, लसूण, कोथिंबीर असा तेलकट आणि ओलसर माल असतो, तो गिरणीत घातला तर चाळणी बुजते. कांडपात मात्र खोबऱ्याचे आणि तिळाचे तेल सुटून मिरचीत मुरते, आणि चटणीला तो दाटसर, हाताला किंचित चिकटणारा पोत येतो.

हे सगळे आईला कोणी शिकवले नव्हते. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यानंतर गावोगाव ज्या शाळा झाल्या त्यांपैकी एकीत ती चौथीपर्यंत शिकली, आणि तेवढ्या शिक्षणावर तिने आयुष्यभर स्वतःचे हिशेब स्वतः ठेवले. माझे वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. 1967 साली ते कावीळ होऊन गेले. त्याच वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या घराची कौले खाली आली. एकाच वर्षात नवरा आणि छप्पर दोन्ही गेलेल्या तेहतीस वर्षांच्या बाईने माहेरी येऊन राहावे असे सगळ्या पाव्हण्यारावळ्यांचे मत होते आणि मामा तर बैलगाडी घेऊनच आले होते. आईने त्यांना जेवू घातले आणि सांगितले, "तुझ्या दारात मी पावणी म्हणून आल्याली बरी." मामा रिकामी गाडी घेऊन परत गेले. कौले घालायला लागणारे पैसे तिने हातातल्या पाटल्या मोडून उभे केले, आणि उरलेल्या पैशांतून लक्ष्मीपुरीतून मिरची आणली.

सुरुवातीला ती घरच्या उखळात कांडत असे. वडिलांच्या फौंड्रीतील कामगारांच्या घरी तिची चटणी जाऊ लागली. त्यांच्यापैकी कित्येकांचे भाऊबंद मुंबईला गिरणीत कामाला होते, आणि त्यांच्यामार्फत ती चटणी लालबाग-परळच्या खाणावळींत पोहोचली. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसांना तिथे जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना या चटणीची चव कशी असायला हवी हे नीट ठाऊक होते, त्यामुळे त्यांच्यापुढे लबाडी चालण्यासारखी नव्हती. डबे एसटीच्या पार्सलने जात आणि पैसे मनिऑर्डरने येत. मनिऑर्डरीचा कागद हातात पडला की त्याच्या खालच्या कपट्यावर लिहिलेल्या दोन ओळी आई आम्हाला मोठ्याने वाचायला लावी, कारण त्यांत पैशांपेक्षा चटणीबद्दलचा शेरा तिला महत्त्वाचा वाटे: तिखट जास्त झाले, मीठ कमी पडले, मागची खेप बरी होती. प्रत्येक शेरा वहीत उतरला जाई. आजकाल लोक तारे देऊन मत नोंदवतात. ते मला त्या कपट्यांपुढे फारच मोघम वाटते.

मागणी वाढली आणि खांदा दुखू लागला तेव्हा ती डंखाकडे वळली. पहिला डंख जवळचाच होता आणि तिथे तिची फसगत झाली. घरी वजन करून दिलेला माल परत आल्यावर कांडपाची घट धरूनही कमी भरला, आणि चटणीत तिने न घातलेल्या हळदीचा वास आला. म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचा माल उखळात राहिलेला होता. तिने भांडण केले नाही, पैसे मोजून दिले आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवले नाही. त्यानंतर ती या डंखावर आली. त्या काळी डंखाच्या खोलीत गिऱ्हाइकाने, त्यातून बाईने, थांबण्याची रीत नव्हती. माल द्यायचा, बाहेर झाडाखाली बसायचे आणि हाक आली की डबा न्यायचा. आई आत जाऊन मुसळांसमोर उभी राहिली. आताच्या मालकांचे वडील तेव्हा डंख चालवत; ते म्हणाले की मावशी, इथे ठसका लागेल, बाहेर बसा. आई म्हणाली, "मिरची माझी, मीठ माझं. ठसका बी माझाच." ती पदर नाकाला लावून शेवटपर्यंत तिथे उभी राहिली, पुढच्या वेळीही तशीच, आणि तिचे पाहून इतर बायकाही आत येऊ लागल्या. शेवटी मालकाने आतल्या भिंतीला लागून एक लांब शहाबादी कट्टा बांधून घेतला.

या डंखाची सर्वांत मोठी जमेची बाजू आजही तो कट्टाच आहे. आपला माल काट्यावर चढल्यापासून डब्यात भरेपर्यंत सगळे डोळ्यांसमोर होते. शहरात इतर ठिकाणी मी पाहिले आहे की काउंटर पुढे असतो, यंत्र मागच्या खोलीत असते आणि मध्ये काच किंवा पडदा असतो. तिथे स्वच्छता कदाचित जास्तही असेल, पण ती आपल्याला मानून घ्यावी लागते. आईचा स्वभाव कोणाचेही काहीही मानून घेण्याचा नव्हता. दवाखान्यात ती सुईची पुडी फोडताना पाहत असे आणि बँकेत पासबुकावरचा आकडा तिथेच उभी राहून बोटाने जुळवत असे. माणसावर अविश्वास म्हणून ती हे करत नसे, कारण पैसे देताना ती कधी घासाघीस करीत नसे आणि एकदा खात्री पटलेला माणूस ती जन्मभर सोडत नसे. आपले काम दुसऱ्याच्या हातात दिले तरी त्याची जबाबदारी आपल्याकडेच राहते, असा तिचा सरळ हिशेब होता.

यंदा मी कट्ट्यावर बसले आणि तिच्या पद्धतीने एकेक गोष्ट पाहत गेले. मालक मिरची घेताना दोन-चार नग मधूनच उचलतो आणि मोडून पाहतो. कडकन तुटली तर माल घेतो, वाकली तर परत पाठवतो. माझ्या पुढे असलेल्या एका बाईंची मिरची त्याने परत पाठवली, आणि त्या रागावल्या तरी तो बधला नाही. ओल राहिलेली मिरची नीट कांडली जात नाही, पुढे चटणीला बुरशी धरते आणि नाव डंखाचे खराब होते, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. माझी मिरची त्याने मोडली, वास घेतला आणि विचारले, "ताई, मावशींचंच प्रमाण न्हवं?" मी होय म्हटल्यावर त्याने उखळ झाडले, कुंचल्याने कडा साफ केल्या आणि मग माझ्यासमोर मूठभर खडे मीठ कांडून ते बाजूला टाकून दिले. उखळात राहिलेला आधीचा मसाला त्या मिठाला चिकटून निघतो. ही आईची युक्ती होती. आता तो ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करतो आणि त्या मिठाचे पैसे लावत नाही.

प्रमाणाचे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण डंख कितीही चांगला असला तरी तो आपण दिलेलेच कांडतो. आई ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची एकत्र करीत असे. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची सुरकुतलेली मिरची रंगासाठी असते, तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचा तिखटपणा बेताचा असतो. गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातील लांबट संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी आणि वासासाठी. मुंबईच्या खेपेत ती संकेश्वरी जास्त घाली, पुण्याच्या खेपेत ब्याडगी. लवंगी तिने कधी वापरली नाही. तिच्या मते ती नुसती जीभ भाजते आणि जेवण राहून जाते. देठ काढायचे, पण आतली पांढरी शीर तशीच ठेवायची, कारण तिखटपणाचा मोठा भाग त्या शिरेत असतो, लोक समजतात तसा बियांत नसतो. मिरची आणि खडे मीठ आधी कांडायचे. धणे, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलची असा भाजलेला खडा मसाला नंतर. मग खोबरे आणि तीळ. आणि सगळ्यात शेवटी कोरडा होईपर्यंत परतलेला कांदा, लसूण, आले आणि कोथिंबीर. हा क्रम चुकला की ओला माल आधी पडून मिरचीचे गोळे होतात. या डंखावर क्रम सांगावा लागत नाही. तयार झाल्यावर आई चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळून बघे. तळहातावर तेलाची चकाकी आली आणि बोटाला खर लागली नाही म्हणजे काम झाले. यंदाच्या पहिल्या घाण्यात मला खर लागली. मी काही बोलण्याच्या आत मालकाने माझ्या तळहाताकडे पाहून घाणा पुन्हा उखळात टाकला.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. खोलीत हवा खेचून बाहेर टाकणारा पंखा नाही; एक झरोका आहे, तो मिरचीच्या धुरळ्याला पुरत नाही. दमा असलेल्या माणसाने कट्ट्यावर बसू नये, म्हणजे या डंखाचा जो खरा फायदा तोच त्याला मिळणार नाही. कामगार तोंडाला नुसते फडके बांधतात. मालकाने त्यांना चांगले मुखपट्टे द्यावेत असे मी त्याला सांगितले आणि इथेही लिहिते. एप्रिलमध्ये नंबर लागायला अर्धा दिवस जातो आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. अलीकडे तिथे मसाला भाजून देण्याची सोय सुरू झाली आहे, ती मला पसंत पडली नाही: मोठ्या कढईत सगळ्यांचे एकाच आचेवर भाजतात, त्यामुळे खोबरे करपते आणि धणे कच्चे राहतात. भाजणे घरीच करावे. खडा मसाल्याची तयार पाकिटेही समोर मांडलेली असतात. त्यांत दगडफूल भरपूर आणि नागकेशर नावापुरते असते.

आईने या उणिवा मालकाला तोंडावर सांगितल्या असत्या, आणि सांगितल्याही होत्या, कारण पंख्याची तक्रार मूळची तिचीच आहे. त्या दोघांचे नाते गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्या पलीकडचे असले तरी त्यात सवलतीला जागा नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तिचा अर्ध्याहून अधिक धंदा बसला. खाणावळी ओस पडल्या, मनिऑर्डरी थांबल्या आणि गावाकडे परतलेले कामगार तिच्याच दारात चटणी उधार मागू लागले. ती वसुलीसाठी एकटी मुंबईला गेली, तिथली चूल बघून एका खाणावळवालीचे येणे सोडून आली आणि घरी आल्यावर वहीतल्या त्या नावावर आडवी रेघ मारली. त्या हंगामात डंखाच्या थोरल्या मालकांनी तिला कांडपाचे पैसे पुढच्या वर्षी द्या असे सुचवले होते. तिने कांडप थोडे केले आणि पैसे रोख दिले. संपानंतर मुंबईचे गिऱ्हाईक पूर्वीसारखे कधी जमले नाही. तिने पुण्यात शिकायला गेलेल्या मुलांच्या खोल्यांकडे मोर्चा वळवला आणि त्यांतली काही मुले पुढे परदेशी गेल्यावर तिची चटणी त्यांच्या सामानातून परदेशीही गेली.

अन्नसुरक्षेचा 2006 चा कायदा 2011 पासून लागू झाला, आणि घरगुती मालालाही नोंदणी लागते हे तिला या डंखावरच कळले. वर्षाला 12 लाखांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकाने नुसती नोंदणी करायची आणि वर्षाला 100 रुपये भरायचे, असे तेव्हाचे नियम होते. आम्हा मुलांचे मत पडले की या वयात हे सोडून दे. सत्तरी कधीच उलटलेली ती बाई फोटो आणि ओळखपत्र घेऊन स्वतः कचेरीत गेली, आणि नोंदणीचा कागद तिने देवघराशेजारी चौकटीत लावला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली, तेव्हा पुण्याला जायचे भरलेले डबे घरात अडकले. पंच्याऐंशी वर्षांच्या आईने ते डबे पूरग्रस्तांच्या शिबिरात जेवण करणाऱ्यांकडे पोहोचवले आणि पुण्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितले की माल उशिरा येईल, पैसे आत्ता पाठवू नका.

तिने स्वतः शेवटचे कांडप कोविडच्या आधी केले. त्यानंतर गुडघ्यांमुळे तिला कट्ट्यावर बसवेना, तेव्हा माल भाऊ घेऊन जाई आणि ती घरी अंगठ्याने तपासून शेरा देई. त्या वर्षांतही दर्जा ढासळला नाही, हे मी या डंखाच्या बाजूने नोंदवते, कारण गिऱ्हाईक समोर नसताना केलेले काम हीच त्यांची खरी परीक्षा होती आणि ती परीक्षा घेणारी आमची आई होती.

यंदाची चटणी भरून झाल्यावर मी घरी वजन केले. घट नेहमीएवढीच निघाली. रंग आईच्या हातच्या चटणीपेक्षा किंचित फिका आला आहे. त्याचा दोष मिरचीचा, कारण यंदाची ब्याडगी मुळातच तितकी गडद नव्हती. आईच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी मागवली त्यांना डबे पाठवले आहेत. पुण्यातील एका आजोबांनी कळवले आहे की लसूण थोडा जास्त झाला. त्यांचे बरोबर आहे, आणि तो शेरा वहीत लिहिला आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगते की होळी झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात जावे, मिरचीला तीन कडक उन्हे देऊनच न्यावी, पिशवीऐवजी झाकणाचा डबा न्यावा कारण कांडलेली चटणी गरम असेपर्यंत ती प्लास्टिकमध्ये घालू देत नाहीत, आणि नाकाला बांधायला ओले फडके जवळ ठेवावे. वळवाचा पहिला पाऊस पडला की हवेत ओल येते. त्यानंतर आलेली मिरची मालक पुन्हा दोन उन्हे दिल्याशिवाय घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही जुने असो.